विद्येची ठेव आणि पडता काळ



गेल्या हिवाळ्यात शिक्षकांच्या एका शिबिराच्या निमित्ताने तोरणमाळला जाण्याचा योग आला. शहाद्याहून निघालेली गाडी घाटाची वळणे घेत वर येते आणि सातपुड्याच्या माथ्यावर यशवंत तलावाचे पाणी दिसू लागते. आपल्यापैकी पुष्कळांनी हे पाहिलेच असेल. संध्याकाळी व्याख्याने आटोपली आणि आम्ही चार-सहा जण तलावाच्या काठी जाऊन बसलो. तेव्हा धडगावकडच्या एका आश्रमशाळेतले गुरुजी मला म्हणाले :

"सर, तुम्ही अर्थशास्त्र शिकवता, म्हणून विचारतो. आमच्या शाळेतून शिकून गेलेल्या मुलांनी मिळून दोन लाख रुपये जमवले आहेत. त्याच्या व्याजातून दरवर्षी दहावी झालेल्या मुलामुलींना पुढच्या शिक्षणाला मदत द्यायची, असे ठरले आहे. आता एक जण म्हणतो बँकेत ठेवा, दुसरा म्हणतो शेअरबाजारात घाला, तिसरा म्हणतो पतसंस्थेत दीड टक्का जास्त मिळतो. आम्ही करावे तरी काय?"

प्रश्न दोन लाखांचा होता. पण अगदी हाच प्रश्न दोनशे कोटींचा धनी असलेल्या विद्यापीठालाही पडतो. आणि खरे सांगायचे तर मी गुरुजींना त्या संध्याकाळी लगेच उत्तर दिले नाही. त्याचे कारण पुढे ओघाने येईल. आज जरा सविस्तर उत्तर देतो.

विद्यापीठाला किंवा शाळेला देणगी दोन प्रकारची मिळते. एक, आली की खर्चायची. इमारत बांधा, पुस्तके घ्या, फळे आणा. दुसरी असते ती कायम निधीची. तिचे मूळधन मोडायचे नसते. त्याच्या उत्पन्नातून शिष्यवृत्त्या द्यायच्या, अध्यापकाचा पगार द्यायचा, आणि हे वर्षानुवर्षे चालू ठेवायचे. शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. घरात खाण्याचे धान्य वेगळे आणि बियाण्याचे वेगळे. कितीही ओढाताण झाली तरी बियाण्याला हात लावायचा नाही, हे आपल्या आज्या-पणज्यांना कोणी अर्थशास्त्र शिकवून कळले नव्हते.

मात्र बियाणे नुसते ठेवून भागत नाही. ते उंदरांपासून राखावे लागते, ओल लागू द्यायची नसते आणि वेळेवर पेरावेही लागते. पैशाच्या बियाण्याचे तसेच आहे. त्याला उंदीर कोणते आणि ओल कोणती, हे आता दोन-तीन खऱ्या हकीकतींवरून पाहू.

पहिली हकीकत मुंबईची. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते १८५७ साली. पुढे चारच वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खानदेशातून, वऱ्हाडातून, गुजरातेतून कापूस मुंबईला जाऊ लागला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. पैसा आला की कंपन्या निघतात, आणि कंपन्या निघाल्या की त्यांच्या शेअरांचा सट्टा सुरू होतो. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. या सगळ्या उलाढालीचा मेरुमणी होता प्रेमचंद रायचंद नावाचा व्यापारी.

या प्रेमचंदांनी १८६४ साली मुंबई विद्यापीठाला दोन लाख रुपये दिले, ते ग्रंथालयासाठी. त्याच वर्षी आणखी दोन लाख दिले, ते घड्याळाच्या मनोऱ्यासाठी. मनोऱ्याला आपल्या आईचे, राजाबाईंचे, नाव द्यावे अशी त्यांची इच्छा होती.

पुढच्या वर्षी, म्हणजे १८६५ मध्ये, अमेरिकेतले युद्ध संपले. कापसाचा भाव कोसळला. त्या वर्षीचा १ जुलै हा वायद्याचे व्यवहार पुरे करण्याचा दिवस होता. त्या दिवशी घेणारे पुष्कळ आणि देणारा कोणी नाही, अशी स्थिती झाली. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांवर गेला होता, तो ८७ रुपयांना विकला जाऊ लागला. पुढे ती बँक मोडली आणि प्रेमचंदांचेही दिवाळे निघाले.

आता पाहा. दाता बुडाला, पण देणगी बुडाली नाही. राजाबाई टॉवरची पायाभरणी झाली १८६९ साली, म्हणजे दाता बुडाल्यानंतर. १८७८ साली तो पुरा झाला आणि आजही उभा आहे. १८६६ साली प्रेमचंदांनी कलकत्ता विद्यापीठालाही दोन लाख दिले होते. तिथे त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती सुरू झाली आणि तिने पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्वानांना आधार दिला. असे कसे झाले? कारण उघड आहे. हा पैसा 'देईन' असा नुसता शब्द नव्हता. तो दात्याच्या हातून सुटून विद्यापीठाचा झाला होता. तो प्रेमचंदांच्याच पेढीवर किंवा त्यांच्याच शेअरांत राहिला असता, तर पेढीबरोबर तोही गेला असता.

इथे पहिला धडा मिळतो. निधी दात्यापासून, अध्यक्षापासून आणि मुख्याध्यापकापासून वेगळा हवा. त्याचे खाते निधीच्या नावाचे हवे. "साहेबांकडेच आहेत पैसे, सुरक्षित आहेत," हे वाक्य ऐकले की समजावे, घरात उंदीर शिरला.

दुसरी हकीकत महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या महिला विद्यापीठाची. १९१६ साली अण्णांनी ते पुण्याजवळ हिंगण्याला सुरू केले, ते केवळ लोकांच्या वर्गणीवर. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव विद्यापीठाला मिळाले. त्या देणगीचे वर्षाचे उत्पन्न होते ५२,५०० रुपये, म्हणजे साडेतीन टक्के. त्या दिवसांत ही रक्कम मोठी होती.

पण साडेतीन टक्के म्हणजे साडेतीन टक्के. रकमेचा आकडा बदलत नाही. बदलतो तो बाजार. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात मालाचे भाव दुपटीहून अधिक वाढले. ज्या पैशात एका अध्यापकाचे वर्ष निघत होते, त्यात सहा महिने निघणे कठीण झाले. अशा वेळी कोणी चोरी केलेली नसते, बँक बुडालेली नसते, वही चोख असते. आणि तरीही निधी निम्मा झालेला असतो. ही झाली ओल. ती डोळ्यांना दिसत नाही, पण कणगीतले दाणे आतून सडवते.

गुरुजींच्या दोन लाखांचाच हिशेब करू. समजा, बँकेत सात टक्के व्याज मिळते. म्हणजे वर्षाला चौदा हजार. ते सगळे दरसाल वाटून टाकले आणि महागाई दरसाल पाच टक्क्यांनी वाढत राहिली, तर चौदा वर्षांनी त्या चौदा हजारांत आजच्या सात हजारांएवढाच माल येईल. आज पहिलीत बसलेले पोर कॉलेज संपवून बाहेर पडेपर्यंत मदत निम्म्यावर आलेली असेल. तेव्हा सातपैकी पाच टक्के तर महागाईच खाते. खरे उत्पन्न उरते दोन टक्के. हे कडू आहे, पण विश्वस्ताने ते गिळलेच पाहिजे.

मग तडजोड कशी करावी? चार टक्के, म्हणजे आठ हजार, वाटावे आणि तीन टक्के, म्हणजे सहा हजार, मूळधनात परत घालावे. असे केले तर चौदा वर्षांनी मूळधन सुमारे तीन लाखांवर जाते आणि मदत आठ हजारांवरून बारा हजारांवर. महागाईची बरोबरी तरीही होत नाही. उरलेली तूट नव्या देणग्यांनी भरून काढावी लागते. म्हणूनच निधी हा एकदा जमवून विसरण्याचा विषय नाही. दर वर्षी त्यात चार नवी नावे पडली पाहिजेत.

आता कोणी म्हणेल, "महागाई एवढी खाते, तर जास्त उत्पन्नाच्या ठिकाणीच पैसा का लावू नये?" बरोबर आहे. जगातली मोठी विद्यापीठे तेच करतात. शेअर, जमिनी, जंगले, नव्या कंपन्यांतली भागीदारी अशा नाना ठिकाणी त्यांचा पैसा असतो. चांगल्या वर्षांत तो भराभर वाढतो. पण वाईट वर्ष आले म्हणजे काय होते, ही तिसरी हकीकत.

अमेरिकेतले हार्वर्ड हे अत्यंत श्रीमंत विद्यापीठ. जून २००८ अखेर त्याचा निधी होता ३,६९० कोटी डॉलर. त्याच वर्षी तिकडच्या बँका आणि पेढ्या ढासळू लागल्या. जून २००९ अखेर निधी उरला २,६०० कोटी. तेवढ्यावर भागले असते तरी चालले असते. धनाढ्य संस्था एखादे वाईट वर्ष सोसू शकते. पण अडचण निराळीच निघाली. पुष्कळसा पैसा अशा ठिकाणी अडकला होता, की मागितला तरी चटकन मिळेना. आणि रोजच्या खर्चासाठी जो पैसा हाताशी असायला हवा, तोही जास्त उत्पन्नाच्या आशेने दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीत घातला होता. त्यातच १८० कोटी डॉलर गेले. व्याजदरासंबंधी पुढची बोली करून ठेवली होती, ती उलटली. तिच्यातून सुटण्यासाठी सुमारे पन्नास कोटी डॉलर मोजावे लागले. अखेर डिसेंबर २००८ मध्ये या कुबेराला २५० कोटी डॉलरचे कर्जरोखे काढावे लागले. पुढच्या वर्षी माणसे कमी केली आणि विज्ञानाच्या मोठ्या इमारतीचे काम थांबवले.

आपल्या भाषेत सांगायचे, तर खाण्याचे धान्यही बियाण्याबरोबर पेरून टाकले, आणि पाऊस लांबला.

हार्वर्डचा निधी २०१५ साली पुन्हा जुन्या आकड्याच्या वर गेला. म्हणजे सुमारे सहा-सात वर्षे लागली. ज्याला इतकी वर्षे थांबता येते, त्याला मंदी भिववू शकत नाही. ज्याला उद्याच पैसा हवा असतो, त्याला पडलेल्या भावात विकावे लागते, आणि खरे नुकसान तिथेच कायमचे होते. सरकारी रोख्यांचेही तसेच. समजा, शंभर रुपयांचा साडेतीन टक्क्यांचा, मुदत नसलेला रोखा आपल्याजवळ आहे आणि नवे रोखे सात टक्क्यांचे निघाले. तर आपल्या रोख्याला बाजारात पन्नासच्या आसपास भाव येईल. विकायला गेलो तर निम्मे गेले. न विकता धरून ठेवला, तर साडेतीन रुपये ठरल्याप्रमाणे येतच राहतील. म्हणून वादळात काय करायचे, याचा निर्णय वादळाच्या आधीच झालेला असावा लागतो. हाताशी दोन वर्षांचा खर्च रोख असेल, तर विश्वस्त शांतपणे बसू शकतो. नसेल, तर कितीही शहाणा विश्वस्त घाबरतो.

आता मी तोरणमाळला का गप्प बसलो, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका कॉलेजात मी शिकवत होतो. तिथल्या गरीब विद्यार्थ्यांच्या निधीच्या समितीवर मी होतो. निधी लहानच. तो एका बँकेत होता. एका सभासदाने सुचवले, की अमुक पतसंस्था दीड टक्का जास्त देते, माणसेही ओळखीची आहेत. अर्थशास्त्र शिकवणारा मी एकटाच. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "हरकत नाही." ठरावावर सही केली. दोन वर्षे व्याज आले. तिसऱ्या वर्षी पतसंस्थेचे दार बंद झाले. दारावर रोज माणसे जमत. त्यांत पेन्शनीचे पैसे ठेवलेले माझे शेजारीही होते.

त्या वर्षी तीन मुलांची मदत थांबली. आम्ही अध्यापकांनी वर्गणी काढली, पण ती उशिरा. अक्राणीच्या डोंगरातली एक मुलगी दुसऱ्या वर्षाला होती. तिने वाट पाहिली आणि मग आई-वडिलांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला निघून गेली. पैसे जमल्यावर आम्ही निरोप धाडला. ती परत आली नाही. दीड टक्क्याचा हिशेब मी वर्गात फळ्यावर अनेकदा मांडला असेल. त्याची खरी किंमत मला त्या वर्षी कळली.

तेव्हा हे नीट लक्षात घ्या. बँकेतल्या ठेवीला विम्याचे संरक्षण असते. १९६० साली केरळातली पलई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्यानंतर १९६२ पासून आपल्याकडे ठेवींचा विमा सुरू झाला. तेव्हा मर्यादा दीड हजार रुपयांची होती. फेब्रुवारी २०२० मध्ये ती एका ठेवीदारामागे एका बँकेत पाच लाखांवर नेण्यात आली. सहकारी बँकांनाही हा विमा लागू आहे. पण पतसंस्थेतल्या ठेवीला तो लागू नाही. बँक आणि पतसंस्था यांच्या पाट्या रस्त्यावरून सारख्याच दिसतात. आतला हा फरक पाटीवर लिहिलेला नसतो. आणि विमा असला तरी पैसे हाती यायला वेळ लागतो. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. शाळेची फी त्यात भरता येत नाही.

कायद्यानेही याचा विचार केला आहे. आपल्या राज्यात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा १९५० चा अधिनियम आहे. त्याचे ३५ वे कलम सांगते, की न्यासाचा तूर्त न लागणारा पैसा पोस्टाच्या बचत बँकेत, अनुसूचित बँकेत, मान्यता मिळालेल्या सहकारी बँकेत किंवा सरकारी रोख्यांत ठेवावा. त्यापलीकडे जायचे असेल, तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. काही विश्वस्त या कलमाला कटकट समजतात. मीही समजत होतो. दुसऱ्याचा, आणि तोही अजून शाळेत न आलेल्या पोराचा पैसा हाताळताना असे कुंपण हवेच.

आता गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर.

गुरुजी, निधीच्या नावाचे स्वतंत्र खाते काढा आणि पैसे काढायला दोघांच्या सह्या ठेवा. दोन लाखांपैकी दोन वर्षांच्या मदतीएवढे, म्हणजे सोळा हजार, बचत खात्यात हाताशी ठेवा. उरलेल्या रकमेचे पाच सारखे भाग करा आणि एक, दोन, तीन, चार व पाच वर्षांच्या मुदतीने ठेवा. म्हणजे दर वर्षी एक पावती सुटेल. ती पुन्हा पाच वर्षांसाठी ठेवायची. व्याजाचे दर चढले तर नव्या पावतीला त्याचा फायदा मिळतो; उतरले तरी चार पावत्या जुन्या दरावर चालू राहतात. आणि गरज पडलीच, तर मुदत मोडण्याची पाळी येत नाही. शक्य तर दोन बँकांत ठेवा, त्यांतली एक मोठी सरकारी असू द्या.

मदतीची रक्कम गेल्या तीन वर्षांच्या उत्पन्नाची सरासरी काढून ठरवा. चांगल्या वर्षी हात सैल सोडायचा आणि वाईट वर्षी मुलांना हात हलवत परत पाठवायचे, असे होऊ नये. शाळेची भिंत पडली, पगार अडला, पाहुणे आले, काहीही झाले तरी निधीतून उसने घेऊ नका. उसने घेणारे हात आपलेच असतात, म्हणून कोणी मागायला येत नाही. आणि वर्षातून एकदा पालकांच्या सभेत जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवा. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही ऐकता येते.

शेअरबाजाराचे म्हणाल, तर तो वाईट आहे असे मी म्हणत नाही. ज्या विद्यापीठाचा निधी मोठा आहे, ज्याच्याकडे जाणकार माणसे आहेत, कायद्याची परवानगी आहे आणि दहा वर्षे थांबायची ताकद आहे, त्याने एक भाग तिकडे घालावा. दोन लाखांच्या आणि आठ हजारांची वाट पाहणाऱ्या मुलांच्या निधीने तिकडे जाऊ नये. कोणी जास्त व्याज देऊ लागला, तर त्याला एकच प्रश्न विचारा : "इतरांपेक्षा तुम्हाला जास्त का द्यावे लागते?" मी हा प्रश्न सही करण्यापूर्वी विचारला नव्हता.

पावसाळ्यात तोरणमाळला सीताखाईचा धबधबा कोसळतो, तेव्हा तो पाहायला दुरून माणसे येतात. उन्हाळ्यात तिथे पाणी नसते आणि माणसेही नसतात. तेव्हा उपयोगी पडते ते तलावात अडून राहिलेले पाणी. शिबिर संपवून उतरताना गुरुजींना मी एवढेच म्हणालो होतो, "लिहून पाठवतो." त्यांनी हसून सांगितले, "सर, जूनच्या आधी पाठवा. मुले जूनमध्ये येतात."

हे लिखाण त्यांना जूनच्या आधी मिळेल, अशी व्यवस्था केली आहे.